‘बाबांना तूच सांग ना!’

“बाबांशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते.” हे वाक्य शाळकरी मुलांच्या तोंडून मी फारसं ऐकलेलं नाही. माझ्यासमोर ते बोलतात पंचविशी-तिशीतले, कमावते, ऑफिसात परदेशी साहेबालाही सुनावणारे. वडील हात उगारत नाहीत. ओरडणंही आता पूर्वीइतकं राहिलेलं नसतं. तरी जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की मुलगा टीव्हीचा आवाज कमी करतो.

भांडुपचा असाच एक तरुण माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत आला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याला कंपनीची पुण्याला बदली हवी होती, मिळालीही होती; घरी सांगायचं राहिलं होतं. वडिलांचं वर्णन करण्याऐवजी त्याने मोबाइलच पुढे केला. “मॅडम, आमचे बाबा म्हणजे सेम हा माणूस.”

पडद्यावर रेड फोरमन होता. ‘दॅट सेव्हन्टीज शो’ ही अमेरिकन विनोदी मालिका 1998 ते 2006 चालली. विस्कॉन्सिनमधल्या एका काल्पनिक गावातलं कुटुंब, काळ 1976 पासूनचा. रेड नौदलातून लढून आलेला, टकलावर दिवा चमकणारा, नजरेने भाजून काढणारा बाप. मुलगा एरिक काहीही बोलला तरी पार्श्वभागावर लाथ घालण्याची धमकी तयार. कर्टवूड स्मिथ या नटाने ही भूमिका करताना आपले सावत्र वडील डोळ्यांपुढे ठेवले होते, असं त्यानेच सांगितलं आहे. 2023 साली आलेल्या पुढच्या मालिकेत तोच रेड आजोबा म्हणून परतला. म्हणजे हा बाप लोकांना आवडतो, आणि त्याचं एक कारण मला उघड दिसतं. प्रत्येक धमकीमागून प्रेक्षकांचा हशा येतो. काही वाईट होणार नाही, याची हमी तो हशा देतो.

हा मुलगाही बाबांचे किस्से तसेच सांगायचा, नक्कल करून. मित्रमंडळीत म्हणे फार गाजलेली नक्कल. समोरचा विनोद करत असेल तर मी त्याला अडवत नाही, सोबत हसते आणि मग गप्प बसते. त्या गप्प बसण्यातून बरंच काही निघतं, असा माझा अनुभव आहे.

मग मी विचारलं, “एरिक बापाला घाबरतो?”

“खूप.”

“घाबरल्यावर काय करतो?”

“काही नाही, टोमणा मारतो. उलटं बोलतो. मग शिव्या खातो.”

“आणि तू?”

“मी आईला व्हॉट्सअ‍ॅप करतो.”

“आई कुठे असते तेव्हा?”

“किचनमध्ये.”

“तू?”

“हॉलमध्ये.”

“आणि बाबा?”

तो थांबला. “हॉलमध्येच.”

या उत्तरानंतर तो पहिल्यांदा न हसता माझ्याकडे बघत राहिला. मला तरी सगळं प्रकरण तिथेच उलगडलं.

मी एकट्या माणसाचा स्वभाव तपासत बसत नाही. घरात कोणाचं बोलणं कोणामार्फत जातं, ते बघते. या घरात बापाचा आवाज मोठा होता हे खरंच. पण भीती टिकून होती ती निरोपांमुळे. “त्याला सांग, पंखा बंद कर,” हेसुद्धा बाबा आईला सांगायचे, मुलगा दोन हातांवर बसलेला असताना. फोरमनांच्या घरात आई किटी नवऱ्याला तोंडावर सुनावते आणि पोरगा भीत भीत का होईना, उत्तर देतो. आरडाओरडा आहे, पण मध्ये टपालखातं नाही.

आईला मी वेगळं बोलावलं. त्या म्हणाल्या, “मी मध्ये नसते तर घरात रोज भांडणं झाली असती.”

“झाली असती तर?”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “मला मोठा आवाज सहन होत नाही हो.”

अशा घरांत नातेवाइकांचा ठरलेला सल्ला असतो, ‘वडिलांना समजून घे.’ मला तो घाईचा वाटतो. समजून घेण्यासारखं इथे पुष्कळ होतं. आजोबा परळच्या गिरणीत, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात घरी बसलेले. बाबांनी कॉलेज सोडून आयटीआय केलं, फिटर झाले आणि पुढे एलबीएस मार्गावरचा त्यांचा कारखानाही बंद पडला. रेडचाही कारखाना बंद पडतो. मुलाने त्याच्यात बाबांना ओळखलं ते उगाच नाही. पण भेदरलेल्या मुलाला हे आधी ऐकवलं की तो आणखीच गप्प होतो, आता अपराधी वाटून. आधी तोंड उघडू दे, समजूत मागून येईल.

म्हणून दोघांना दोन छोटी कामं दिली. आईने निरोप आला की “तूच सांग” म्हणायचं आणि पोळ्या लाटत राहायचं. मुलाने पुण्याचा विषय लगेच काढायचा नाही. परवानगी लागत नाही अशी साधी गोष्ट बाबांना थेट सांगायची. ‘जाऊ का?’ विचारलं की नकाराला जागा मिळते, म्हणून प्रश्न टाळायचा.

त्याने सांगितलं, “बाबा, आज मला साडेदहा वाजतील.”

“मला काय सांगतोस? आईला सांग.”

“तुम्हालाच सांगतोय.”

बाबांनी पेपर खाली केला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं.” एवढंच. हा प्रसंग सांगताना त्याचे हात थरथरत होते, आणि खरं सांगायचं तर मीही खुर्चीत सरसावून बसले होते.

पुण्याचं प्रकरण इतकं सोपं गेलं नाही. बाबा ताटावरून उठले, जोरात बोलले, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “डिपॉझिट किती मागतायत?” विचारलं मुलालाच.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायला हवी. वडील खरोखर मारत असतील, वस्तू फेकत असतील, आईवर हात टाकत असतील, तर यातलं काही करून बघू नका. तिथे थेट बोलण्याने धोका वाढू शकतो. लहान मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181 आणि मनावरचा ताण बोलायला सरकारच्या टेली-मानसचा 14416 हे क्रमांक आहेत. आधी सुरक्षितता, संवाद नंतर.

मुलगा आता पुण्यात असतो आणि माझ्याकडे येत नाही. आई येतात. शनिवार-रविवार तो घरी आला की बापलेक क्रिकेटवरून हॉलमध्ये वाद घालतात, आणि “मला कोणी काही विचारतच नाही,” ही त्यांची नवी तक्रार आहे. मोठ्या आवाजाची धास्तीही अजून आहेच. ती कुठून आली, त्यावर आता आम्ही दोघी बोलतोय.