वाचकांचे प्रश्न : अंगणात गिअरबॉक्स उतरवायचा, तर

प्रश्न : काका, आमची २००९ची अल्टो आहे. कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. क्लच केबल ॲडजस्ट करून पाहिली, फरक पडला नाही. मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चुलतभावाला मदतीला घेऊन घरच्या अंगणातच गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलता येईल का? बाबा नको म्हणतात.
(एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : जमेल, पण बाबा का नको म्हणतात ते आधी समजून घे. गिअरबॉक्स काढताना तू गाडीच्या खाली असणार, आणि आपल्याकडे गाडी उचलून धरायला लोक काय वापरतात ते त्यांनी पाहिलं असणार. जांभ्याचे चिरे! घर बांधून उरलेले चिरे प्रत्येक अंगणात पडलेले असतात, म्हणून ते सरळ गाडीखाली सरकवले जातात. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं भार घेतो, कारण तिथे तो सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडतो. गाडीच्या चॅनेलची लोखंडी धार एका रेषेत टेकली की तोच चिरा न सांगता दुभंगतो. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, तिथे जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला बाहेर ओढलं जायचं. दोन लोखंडी स्टँड भाड्याने आण किंवा विकत घे. अंगण मातीचं असेल तर प्रत्येक स्टँडखाली जाड फळी घाल. मागच्या चाकांना पुढूनमागून अडणी लाव. गाडी स्टँडवर बसली की अंगाने ढकलून बघ, हलली तर पुन्हा बसव. हे होत नसेल तर बाबांचं ऐक.

आता क्लचच सरकतोय ना, याची खात्री कर. हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळू सोड. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती, गेली. हे एकदाच करायचं, पुन्हापुन्हा नाही, उरलीसुरली प्लेटही जळते. आणि केबलला पेडलजवळ थोडी सैल चाल आहे ना, तेही बघ. केबल ताणलेली राहिली तर नवी प्लेटही अशीच जाईल.

काम आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. खाऱ्या वाऱ्यात खालचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. सगळ्यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू दे. सकाळी सहा कोनी सॉकेट लाव. बारा कोनी सॉकेट किंवा घसरता पाना लावलास तर बोल्टचे कोपरे गोल होतील, मग छिन्नीशिवाय गत्यंतर नाही. गिअरबॉक्सचं ऑइल काढताना आधी वरचा भरायचा प्लग उघड, मग खालचा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल सांडून बसलं, तर गाडी जागची हलणार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली काढ. मग स्टार्टर, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, क्लच केबल, गिअरचा रॉड, चाकांना फिरवणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. शाफ्ट टॉमीने उचकताना ऑइल सीलचा ओठ चिरू देऊ नकोस. अर्थिंगची पट्टी मात्र डोक्यात कोरून ठेव. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी ती पट्टी परत लावायची राहिली, तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून वाट शोधतो आणि केबल तापून जळते. बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची आकृती काढ आणि जो बोल्ट जिथला, तिथेच खोचून ठेव.

माउंटिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीशी धरणारे जोड, सोडण्याआधी इंजिनाला आधार दे. ऑइल चेंबरखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जॅक. गिअरबॉक्सला दुसरा जॅक. एकाने जॅक सांभाळायचा, दुसऱ्याने सरळ रेषेत मागे ओढायचं. अर्धवट निघालेला गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटच्या मधोमध शिरणाऱ्या दांड्यावर, लोंबकळत ठेवायचा नाही, क्षणभरही नाही.

आत पोचलास की कंजूषपणा नको. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग एकदमच बदल, क्रँकचं मागचं सील ओलं दिसलं तर तेही. बेअरिंग चारशे-पाचशे रुपये वाचवायला जुनंच ठेवलं आणि चार महिन्यांत ओरडू लागलं, तर हीच सगळी मेहनत पुन्हा. काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पूस. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्याला टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग किंवा भेगा दिसल्या तर लेथवाल्या टर्नरकडे ने.

खरी परीक्षा चढवताना. प्लेट अगदी मधोमध बसली पाहिजे. भंगारवाल्याकडे त्याच गाडीचा जुना इनपुट शाफ्ट मिळतो, तो घालून प्लेट मधोमध धर आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळ. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचांना, ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच. जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. मग गिअर टाकून बॉक्स पुढे सरकव. अडला तर भावाला क्रँक पुली पान्याने जराशी फिरवायला सांग. इंजिन आणि बॉक्समधली फट चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. शेवटचं अंतरही हाताच्या जोरानेच मिटायला हवं. फट उरली म्हणून बोल्ट आवळून ती मिटवायला गेलास, तर ॲल्युमिनियमचा कान तुटेल, नाहीतर प्लेटचा हब वाकेल. त्यापेक्षा बॉक्स मागे घे आणि प्लेट पुन्हा मधोमध आण. त्यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे.

सगळं बसल्यावर बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळ, गाडी सपाट जागेवर असताना भरायच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भर आणि केबल सेट कर. सुरुवातीचे काही दिवस घाट टाळ, गावातल्या गावात चालव, म्हणजे नवी प्लेट बसेल.

प्रश्न : २२ जुलै २०२१च्या पुरात आमची कार पाण्यात होती. इंजिनाचं काम तेव्हाच झालं, गिअरबॉक्सला कुणी हात लावला नाही. आता गूं असा आवाज येतो.
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पुराचं पाणी गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, आत जातं. ऑइल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी आत राहिलेलं आहे. नुसतं काळं असेल तरी बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेले असू शकतात. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर जातो का? तसं असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. चालत्या गाडीत न्यूट्रल करूनही वेगाबरोबर आवाज बदलत असेल, तर डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) किंवा चाकाचं बेअरिंग, म्हणून आधी चाकं उचलून फिरवून बघा. बॉक्स उघडायला प्रेस आणि पुलर लागतो. ते काम घरी करू नका, उतरवलेला बॉक्स गॅरेजला न्या.