मागे कलून जमिनीला टेकणारा स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) ट्रेलर एकट्याने भरणं सोपं कसं करावं?

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला हाताने फिरवायची विंच (पट्टा गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवा आणि गाडीच्या पुढच्या स्की (घसरपट्ट्या) जिथून सरकतात तिथे ट्रेलरच्या कलणाऱ्या फळीवर प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पट्ट्या लावा. निम्मी झटापट तिथेच संपते. स्कीखालच्या कार्बाइडच्या (कठीण धातूच्या) धारा लाकडात रुततात, म्हणून माणूस थ्रॉटल वाढवतो, आणि मग गाडी एकदम सुटून पुढच्या कठड्यावर आदळते. मधल्या भागात, ट्रॅकखाली (गाडी पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याखाली), मात्र खरखरीत रबरी मॅट हवी, नाहीतर ओल्या फळीवर ट्रॅक जागच्या जागी फिरतो. पट्ट्यांच्या स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या खाली बुडवा, वर राहिली तर स्की तिथेच अडकते.

ट्रेलर आधी ओढणाऱ्या वाहनाला जोडा, चाकांना अडण लावा, मग फळी धरून ठेवणारी खिट्टी काढून तिचं मागचं टोक जमिनीला टेकवा. स्नोमोबाईलचा पार्किंग ब्रेक सोडा, विंचचा पट्टा तिच्या पुढच्या बंपरला अडकवून सावकाश ओढा. वजन बिजागरीच्या पुढे गेलं की फळी धाडकन खाली बसते. हा दणका शॉक अ‍ॅब्झॉर्बर लावून कमी होतो, आणि तो खर्च मी तरी टाळणार नाही. फळी बसल्यावर खिट्टी लगेच लावा.

एक अट: विंच फक्त चढवण्यासाठी, प्रवासात गाडी वेगळ्या पट्ट्यांनी पुढून-मागून बांधायचीच.