पक्षाघातानंतर वडील सकाळी बरं बोलतात, मग पाहुण्यांसमोर साधा 'मीठ' शब्दही का अडतो? बुद्धीवर परिणाम झालाय का?

सकाळी येणारा शब्द संध्याकाळी अडतो, याचाच अर्थ तो पुसला गेलेला नाही. अफेझियात (मेंदूला इजा झाल्याने बोलणं-समजणं अडतं, त्या अवस्थेत) बहुतेकदा अडचण असते ती शब्द वेळेवर हाती लागण्याची. त्यासाठी लक्ष लागतं, ऐकलेलं क्षणभर धरून ठेवावं लागतं आणि जवळपासचे चुकीचे शब्द दाबावे लागतात. पाहुणे, टीव्ही आणि थकवा एकत्र आले की हे सगळंच कमी पडतं.

धरून ठेवण्याची ताकद घरीही पाहता येते. समोर चमचा, वाटी, किल्ली ठेवा. आधी 'किल्ली द्या' म्हणा, मग 'चमचा आणि किल्ली द्या', मग 'चमचा वाटीत ठेवा आणि किल्ली मला द्या'. हातवारे नकोत, नजरही वस्तूकडे नको. नाहीतर ते तुमच्या डोळ्यांवरून ओळखतील. पहिल्या दोन सूचना जमल्या आणि तिसरी अर्धवट राहिली, तर शब्द कळतायत, पण वाक्याची लांबी पेलत नाही. मराठीत आणखी एक खोच आहे: 'मुलाला मुलीने ढकललं'. इथे सगळा अर्थ 'ला' आणि 'ने' वर तोललेला. ते निसटले की आधी आलेला मुलगाच ढकलणारा वाटतो. म्हणून 'मुलीने ढकललं. मुलगा पडला.' असं तोडून सांगा.

दाबण्याची क्षमता ढिली पडली की चमच्यानंतर कंगवा दाखवला तरी 'चमचा'च येतो. ते हट्टाने म्हणत नाहीत. आधीचा शब्द अजून तोंडात घोळत असतो. चमचा नजरेआड करा, थोडं थांबा, हवं तर विषय बदला. 'नाही, नाही, नीट बघा' म्हटल्याने फक्त ताण वाढतो. 'कं...' एवढी सुरुवात दिली की अनेकदा 'कंगवा' येतो. पण सुरुवात चुकीची दिलीत तर शब्दही चुकतो: मांजराच्या चित्राला 'कु...' म्हटलं की काही जण 'कुत्रा' म्हणून मोकळे होतात.

आरती, वारांची नावं, एक ते दहा आकडे, क्वचित शिव्यासुद्धा धडाधड येतात, कारण त्या साखळ्या पाठ असतात. त्यावरून 'मुद्दाम बोलत नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. (घरोघरी हा आरोप होतो.)

बुद्धीबद्दल: स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्या बहुतेक बोलूनच द्यायच्या असतात, त्यामुळे अफेझियात गुण आपोआप घसरतात. वाचा-उपचारतज्ज्ञांना शब्दांशिवाय होणाऱ्या चाचण्या घ्यायला सांगा, म्हणजे चित्रांचा क्रम लावणं किंवा आकृतीतला हरवलेला तुकडा निवडणं. उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाताने, वेळेची घाई न करता.

बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजून थांबणं. 'काय हवंय?' ऐवजी 'चहा की दूध?', दोन्ही शब्द कागदावर लिहून. कागद समोर असला की लक्षात धरून ठेवावं लागत नाही. सरावाची वेळ सकाळची ठेवा, थोडा थोडा वेळ.

दिवसागणिक थोडं कमीजास्त होणं अपेक्षित आहे. पण बोलणं एकाएकी बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय अचानक कमजोर वाटला, तर तो थकवा समजून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.