कोर्स संपला, तरी डांग्या खोकला का थांबत नाही?

तुमच्या सात वर्षांच्या मुलीला पीसीआरवर डांग्या खोकला निघाला, अ‍ॅझिथ्रोमायसिनचा 5 दिवसांचा कोर्स संपून दोन आठवडे झाले, तरी रात्री उबळ येऊन उलटी होते. म्हणून दुसरं अँटिबायोटिक सुरू करावं का, असं विचारलंय. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये सारी नोकरी झाली माझी, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कोर्स नीट झाला असेल तर जंतू बहुधा उरलेच नाहीत. त्यांच्या विषांनी जे करून ठेवलंय ते भरून यायचंय, आणि अँटिबायोटिक विषावर चालत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दुसरं सुरू करू नका.

हा जंतू म्हणजे बोर्डेटेला पर्टुसिस. बोर्दे आणि झांगू या शास्त्रज्ञांनी 1906 मध्ये ब्रसेल्सला तो वेगळा काढला. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारख्या बारीक सिलिया असतात, त्या सतत हलून कफ वर ढकलतात. जंतू नेमका तिथेच चिकटतो. त्याच्या पेशीभित्तिकेचा एक चिमुकला तुकडा सुटतो. हे त्याचं पहिलं विष, त्याला ट्रेकियल सायटोटॉक्सिन म्हणतात. प्रयोगांत दिसलंय ते असं, की हा तुकडा शेजारच्या कफ बनवणाऱ्या पेशींना चिथावतो, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि मरतात मात्र सिलियावाल्या पेशी. म्हणजे कफ बनतोच आहे, पण वर ढकलणारं कुणी नाही. मग राहतो फक्त खोकला: एका दमात ठसक्यांवर ठसके, लालनिळा चेहरा, शेवटी 'हूऽऽप' करत आत ओढलेला श्वास आणि तारेसारखा लोंबणारा चिकट कफ. ते अस्तर पुन्हा नीट व्हायला आठवडे जातात. कफ सिरप बदलत बसून फार काही हाती लागत नाही.

दुसरं विष पर्टुसिस टॉक्सिन. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट 32,000 आणि त्यात 70 टक्के लिम्फोसाइट बघून घरात ब्लड कॅन्सरची कुजबुज झाली म्हणता, ती याची करामत. बॅक्टेरियाच्या आजारात एरवी न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात. इथे हे टॉक्सिन पेशीत शिरून तिथल्या जी-प्रोटीनचा, म्हणजे निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनाचा, खटका बंद पाडतं, त्यामुळे लिम्फोसाइटना रक्तातून लसीकागाठींत (लिम्फ नोडमध्ये) परत जाता येत नाही. त्या रक्तातच तुंबतात. तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सीबीसी पुन्हा करून काउंट उतरल्याची खात्री करून घ्याच.

खुद्द उबळ कशाने येते यावर बरीच वर्षं वाद होता. ओसाकाच्या संशोधकांनी 2022 मध्ये उंदरांवर दाखवलं, की पर्टुसिस टॉक्सिन आणि जंतूचे आणखी दोन घटक मिळून खोकल्याच्या नसा हुळहुळ्या करतात. तुमच्या मुलीला हसलं, धावलं, थंड पाणी प्यायलं तरी उबळ येते, ते याच्याशी जुळतंय.

'पेनलेस लस घेतली होती, मग झालाच कसा?' पेनलेसमध्ये, म्हणजे अख्खा जंतू न वापरता त्याचे काही भागच घेऊन केलेल्या लशीत, हेच पर्टुसिस टॉक्सिन निकामी करून घातलेलं असतं, सोबत चिकटायला लागणारी एक-दोन प्रथिनं. या लशीने आजार सौम्य होतो, पण संरक्षण काही वर्षांत ओसरतं. अमेरिकेत बबून माकडांवर केलेल्या प्रयोगात तर ही लस घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू बाळगून इतरांना देत राहिली. संरक्षण ओसरतं म्हणूनच बूस्टर चुकवायचे नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या दोन महिन्यांच्या पुतण्याची. त्याचा पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्र लशीचा, एखादाच डोस झाला असेल. एवढ्या लहान बाळात काउंट लाखाच्या घरात जाऊ शकतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या तुंबतात आणि जिवावर बेततं. त्याला आणि त्याच्या आईला प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायचं का, हे उद्याच बालरोगतज्ज्ञांना विचारा. मुलीचा खोकला सुरू झाल्यापासून 21 दिवसांच्या आत त्याचा खरा उपयोग. तान्ह्या बाळात हूप ऐकू येईलच असं नाही, नुसता श्वास थांबून अंग निळं पडतं. तसं दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.