नीटमध्ये गुण कमी पडले. वडील म्हणतात डी. फार्म. (फार्मसीची पदविका) कर. की बी. फार्म. (पदवी) करावे?

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला फार खटकले. दुकान चालवणे जमले नाही तर निदान फार्मासिस्टचे सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देऊन दरमहा काही पैसे सुटतील, असे वडिलांचे म्हणणे असल्याचे तुम्ही लिहिले आहे. मी कोल्हापुरात शाहूपुरीत बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

माझी पत्नीही बी. फार्म. आहे. मुले लहान असताना ती घरी होती, तेव्हा तिच्या भावाने हीच सूचना केली होती. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांना तालुक्याच्या गावी दुकान टाकायचे होते आणि भिंतीवर लावायला नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव हवे होते. ‘कागद नुसता पडून आहे, द्यायला काय जाते?’ हे मेव्हण्यांचे शब्द. आम्ही दोघांनीही नकार दिला आणि घरात बराच काळ अबोला राहिला.

त्याच सुमारास राधानगरीकडच्या एक आजी नातवाबरोबर माझ्या दुकानात आल्या. तोंड आले आहे, लावायला काहीतरी द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. ओठांच्या आत पांढरट चट्टे होते आणि आवंढा गिळतानाही त्यांना त्रास होत होता. आणखी कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून संधिवाताच्या गोळ्यांची पट्टी काढली. ते मेथोट्रेक्सेट होते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे स्वच्छ लिहिलेही होते. आजी मात्र ती रोज रात्री जेवणानंतर घेत होत्या, कारण औषध देणाऱ्या मुलाने तसे सांगितले होते. रोज घेतल्यास हे औषध रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाच दाबून टाकते आणि तोंडातले व्रण ही त्याची धोक्याची खूण असते. मी मलम दिले नाही. नातवाला सगळे समजावून त्यांना थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवले. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या, दाखल करावे लागले, पण आजी वाचल्या. ज्या दुकानातून त्या गोळ्या आल्या होत्या, तिथे प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हे नातवाकडून नंतर कळले.

फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. मेव्हणे याला आजही कागदी नियम म्हणतात. तो कोणासाठी आहे, हे त्या आजींच्या नातवाला विचारावे.

आता तुमचा प्रश्न. बी. फार्म.च करा. चार वर्षे लागतात आणि प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, पण एम. फार्म., औषध कंपन्यांतील उत्पादन व गुणवत्ता विभाग, औषध निरीक्षकाचे पद, या वाटा पदवीनंतरच उघडतात. औषध निरीक्षकासाठी डी. फार्म. चालत नाही. रुग्णालयात, वॉर्डात काम करण्याची ओढ असेल तर सहा वर्षांचा फार्म. डी. हा वेगळा अभ्यासक्रम आहे. नीट पुन्हा देण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : थोडक्यात हुकले असेल तरच द्या, केवळ नातेवाइकांना काय सांगायचे म्हणून वर्ष घालवू नका.

घरची परिस्थिती चार वर्षे थांबण्याची नसेल, तर मात्र डी. फार्म. अजिबात कमी दर्जाचे नाही, हेही सांगायला हवे. दोन वर्षांत शिक्षण होते, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, पाचशे तासांच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष काउंटरवरचे काम शिकता येते आणि नंतर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. २०२२ च्या नियमांत डी. फार्म. झाल्यावर, फार्मासिस्ट म्हणून नोंदणीपूर्वी, एक्झिट परीक्षा सांगितली आहे. तिची सध्याची स्थिती महाविद्यालयात विचारून घ्या. वडिलांना दुकानच हवे असेल तर खुशाल टाका, पण सकाळी शटर उघडल्यापासून तिथे तुम्ही स्वतः उभे राहणार असाल तरच.