ॲव्हरेजसाठी नको, धुळीसाठी फिल्टर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2018ची पेट्रोल हॅचबॅक, रोज गोव्यात वाळपई ते वेर्णा, ॲव्हरेज सतरावरून पंधरावर आलंय. म्हापशातल्या ॲक्सेसरीवाल्याने पाच हजारांचा, तेल लावून वापरायचा सुती जाळीचा एअर फिल्टर दाखवला आणि दोन-तीनने वाढेल म्हणाला. शिवाय धाकट्या भावाच्या जुन्या स्कूटरलाही तसलाच बसवावा का.

गाडीला बसवू नका. निदान ॲव्हरेज वाढेल म्हणून तरी नाहीच.

पेट्रोल इंजिनात हवेची वाट मुळात आपणच अडवून ठेवलेली असते. पन्नास-साठच्या स्पीडने हलक्या पायाने चालवताना थ्रॉटलची झडप जेमतेम उघडी असते. बाहेर हवेचा दाब साधारण 100 किलोपास्कल, झडपेपलीकडे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, 40-50. एवढा मोठा फरक त्या झडपेमुळे पडतो. त्याच वेळी चांगल्या कागदी फिल्टरचा अडथळा एका किलोपास्कलच्याही आत असतो. तो आणखी कमी केला तर एवढंच होतं की तेवढ्याच स्पीडसाठी ॲक्सिलरेटर केसभर कमी दाबावा लागतो. पेट्रोल तेवढंच जळतं. कारण किती पेट्रोल मारायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आत प्रत्यक्ष किती हवा आली ते मोजून ठरवतो, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणाजवळ धरून ठेवतो. हवा कमी आली की पेट्रोलही कमी.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली याचीच चाचणी घेतली होती. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्या, त्यात एक 2003ची टोयोटा कॅमरीसुद्धा होती, स्वच्छ आणि कोंडलेल्या अशा दोन्ही फिल्टरांवर चालवल्या. ॲव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक आला नाही. पिकअप मात्र कोंडलेल्या फिल्टरवर पडला, कारण पाय पूर्ण दाबल्यावर झडप उघडी असते आणि तेव्हा फिल्टरचा अडथळा इंजिनाला खरोखर लागतो. आता बघा, पार कोंडलेला फिल्टर काढून नवा घातला तरी ॲव्हरेज वाढत नसेल, तर चांगला फिल्टर काढून महागडा घातल्याने कुठून वाढणार?

ज्यांना फरक जाणवला ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. फिल्टर बसवताना बहुधा सर्व्हिसिंगही झालेलं असतं, थ्रॉटल बॉडी साफ होते, टायरमध्ये हवा भरली जाते. मोकळ्या फिल्टरने इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. आणि पाच हजार घातल्यावर माणूस थोडे दिवस जपून चालवतोच.

आता धुळीबद्दल, कारण तुमच्या रस्त्याला खरा प्रश्न तोच आहे. उसगाव-तिस्कच्या बाजूला खनिजाचे ट्रक चालू असले की मार्च-एप्रिलमध्ये फिल्टरचा डबा उघडून बघा. कागदाच्या प्रत्येक घडीत लाल पूड बसलेली असते, फिल्टर हातात जड लागतो, जमिनीवर आपटला की लाल ढग उठतो. या धुळीत लोहखनिज आणि सिलिका असते, दोन्ही कठीण. ती इंजिनात गेली की ऑइलमध्ये मिसळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचं काम करते. रिंगा आणि सिलेंडर झिजतात. तेल लावलेली सुती जाळी हवा मोकळी सोडते ती बहुतेक वेळा बारीक धूळ थोडी जास्त सोडूनच. समजा कागदी फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि जाळीचा 97. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा, पण इंजिनात गेलेली धूळ मोजली तर ती तिप्पट. डांबरी शहरी रस्त्यावर हे चालून जाईल. सत्तरी, डिचोली, सावर्डे-कुडचडे या पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्याने हा सौदा करू नये असं माझं ठाम मत आहे.

धुवून वापरायचा म्हणजे खर्च वाचतो, असंही ॲक्सेसरीवाले सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे फडकं दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे ती जाळी पूर्ण वाळणार कधी? ओलसर असतानाच तेल लावलं तर ते सगळीकडे सारखं पसरत नाही. तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत तापलेल्या तारेचा हवामापक सेन्सर असतो, त्यांच्या तारेवर ते जाऊन बसतं आणि मापच चुकतं. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यांना हा त्रास नाही. पण तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी विचारून घ्या.

सध्याचा फिल्टर नीट काम करतोय का, हे घरीच कळतं. डबा उघडा, फिल्टर बाजूला करा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडकं स्वच्छ आलं तर चिंता नाही. लाल आलं किंवा कणकण लागली तर फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नाही, डब्याची क्लिप सैल आहे किंवा माल डुप्लिकेट आहे. आणि गॅरेजमध्ये कागदी फिल्टरवर जोरात ब्लोअर मारू देऊ नका. त्याने कागदाचे तंतू फाटतात, आणि मळक्या बाजूने हवा मारली तर धूळ आत रुतते. काही शे रुपयांचा कंपनीचा कागदी फिल्टर घ्या आणि पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. धुळीच्या रस्त्यासाठी लवकर बदला, हे त्या पुस्तकातच लिहिलेलं असतं.

पैशांचा हिशेबही करून बघा. महिन्याला 1000 किलोमीटर, ॲव्हरेज 16 धरलं तर साडेबासष्ट लिटर. वादासाठी मानूया की दोन टक्के वाचले, तरी सव्वा लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरलं तर महिन्याला सव्वाशे रुपये. पाच हजार वसूल व्हायला चाळीस महिने, तेही प्रत्यक्षात न होणाऱ्या बचतीवर.

सतराचे पंधरा झालेत त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. मी पहिल्यांदा ब्रेक बघेन. पावसाळ्यानंतर आपल्याकडे कॅलिपरच्या पिना गंजून धरतात आणि ब्रेक किंचित लागलेलाच राहतो. फोंड्याच्या चढ-उतारानंतर नको, सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न दाबता थोडं चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथेच पेट्रोल जातंय.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी गरम होते म्हणून कधी गॅरेजवाल्याने तो काढून टाकला आहे का, हे जरूर विचारा. आपल्याकडे हे सर्रास होतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला नेमक्या तापमानाला यायला फार वेळ लागतो, ईसीयू इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल मारत राहतो, आणि तापमानाचा काटा मधोमध येतच नाही. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सर. चेक इंजिनचा दिवा पेटत असेल तर तो आधी. तो सेन्सर बिघडला तर ॲव्हरेज जेवढं पडतं त्याच्यापुढे फिल्टरची चर्चा करण्यातही अर्थ नाही. टायरची हवा तर थंड टायरवर, दर पंधरा दिवसांनी बघायलाच हवी.

मोजताना टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजा, शक्यतो त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद पडलं की थांबा, आणि तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीवरून काहीही ठरवू नका. पंपाचं नोझल कधी लवकर पडतं, कधी उशिरा, आणि लिटरभराचा फरक तिथेच होतो.

राहिली भावाची स्कूटर. ती एप्रिल 2020 आधीची, म्हणजे बीएस सहाच्या आधीची, कार्ब्युरेटरवाली असेल तर तिथे मामला वेगळा. कार्ब्युरेटरला हवा मोजता येत नाही. फिल्टर कोंडला की मिश्रण गडद होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज खरंच उतरतं. ओक रिजनेही जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर हे तपासलं तेव्हा काही टक्क्यांचा फरक दिसला होता. पण तिथेही कंपनीचा साधा नवा फिल्टरच टाकायचा. मोकळा फिल्टर लावला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, आणि मग कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बदलत बसावं लागतं. त्या स्कूटरचा कागदी फिल्टर मुळातच तेलकट असेल तर तो मळलाय असं समजून पेट्रोलने धुवू नका, हवाही मारू नका. ते तेल धूळ धरण्यासाठीच लावलेलं असतं. मळला की सरळ बदला. प्लग काढून त्याच्या टोकाचा फोटो इथे टाका, मिश्रण गडद आहे की पातळ ते रंगावरून सांगता येईल.