‘दोन मिनिटांचंच काम आहे, ताई’
वाचकांचे प्रश्न : घर आणि व्यवसाय

प्रश्न : मी रत्नागिरीत राहते आणि पाच वर्षांपासून घरूनच वेबसाइट तयार करून देते. माझे अकरा ग्राहक आहेत. त्यांत चार आंबा बागायतदार, तीन होमस्टेवाले आणि बाकीचे डॉक्टर व दुकानदार. पाच पानांच्या साइटचे मी 18,000 रुपये घेते. काम आवडते आणि ग्राहकही समाधानी आहेत, परंतु फोन दिवसभर थांबत नाही. गुढीपाडव्यापासून मेअखेरपर्यंत आंब्याचा हंगाम असतो आणि मुलाची चौथीची वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते. सासूबाई मायाळू आहेत, पण ‘ती घरीच तर असते’ असे त्या सर्वांना सांगतात. त्यामुळे बँकेपासून पाहुण्यांपर्यंत सारे माझ्याकडे येते आणि खरे काम रात्री अकरानंतर सुरू होते. एका हॉटेलकडे सात महिन्यांपासून 22,000 रुपये अडकले आहेत. पुण्यात नोकरी शोधावी, असे माझ्या पतींचे म्हणणे आहे. हे काम सोडावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सोडू नका, हे आधीच सांगते, कारण तुमच्या पत्रात कामाचा कंटाळा आल्याची एकही खूण मला दिसली नाही. कंटाळा दिसतो तो कामाच्या भोवती साचलेल्या गोष्टींचा. मी स्वतः बारा वर्षे हेच काम घरून केले आहे, त्यामुळे तुम्ही न लिहिलेला एक प्रसंगही मला डोळ्यांसमोर दिसतो. गॅसवर दूध आहे, मुलाचा डबा भरायचा आहे आणि बागायतदारांचा फोन येतो : ‘ताई, पेटीचा भाव बदलायचाय, दोन मिनिटांचंच काम आहे.’ तुम्ही लॅपटॉप उघडता. लॉगिनचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो, ते बागेत असतात आणि तिथे रेंज नसते. अखेर ओटीपी मिळतो, भाव बदलतो, पण त्यांच्या मोबाइलवर जुनाच आकडा दिसत राहतो. मग कॅशे, म्हणजे मोबाइलने साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत, कशी पुसायची हे तुम्ही फोनवर समजावून सांगता. दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो, दूध उतू जाते आणि या पाऊण तासाची नोंद कुठेही होत नाही.

माझ्या मते तुमची खरी अडचण वेळेच्या कमतरतेपेक्षा या नोंद न झालेल्या कामात आहे. साइट तयार करण्याचे पैसे तुम्ही घेता, परंतु तिची देखभाल फुकट करता. थोडा हिशेब मांडून पाहा. समजा एका साइटला 50 तास लागले, तर तासाला 360 रुपये पडले. त्यानंतर वर्षभर त्या ग्राहकाला आठवड्याला एक तास दिला, तर एकूण तास 102 होतात आणि दर 176 रुपयांवर येतो. अकरा ग्राहकांचे मिळून आठवड्याला अकरा तास होतात, म्हणजे मूल शाळेत असताना मिळणाऱ्या वेळेचे जवळजवळ तीन दिवस. तुम्ही रात्री जागून जे काम करता, ते या तीन दिवसांत व्हायला हवे होते.

पाण्याच्या फिल्टरची किंवा सोसायटीच्या लिफ्टची वार्षिक देखभाल आपण पैसे देऊनच घेतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. वेबसाइटलाही तशीच निगा लागते. प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावे लागतात, बॅकअप घ्यावा लागतो, लेट्स एन्क्रिप्टसारखे मोफत सुरक्षा प्रमाणपत्र साधारणतः 90 दिवसांचे असल्यामुळे त्याचे नूतनीकरण आपोआप होते आहे ना, हे पाहावे लागते आणि डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरील पत्त्याची, मुदत संपू द्यायची नसते. यासाठी वर्षाला 5,000 रुपये आणि त्यात महिन्याला एक तासाचे बदल, त्यापुढील प्रत्येक तासाला वेगळे शुल्क, असा एका पानाचा करार मराठीत तयार करा. होस्टिंग (साइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली इंटरनेटवरील जागा) आणि डोमेनचा खर्च ग्राहकाचाच असावा आणि डोमेन त्याच्याच नावावर नोंदवावे, म्हणजे उद्या मतभेद झाले तरी कोणाचे काही अडकून राहणार नाही. सध्याच्या ग्राहकांना हे पत्र पाऊस सुरू झाल्यावर, जूनमध्ये पाठवा. हंगामात पेट्या भरण्याच्या धांदलीत आलेले असे पत्र भांडण काढल्यासारखे वाचले जाते, हे मी अनुभवाने सांगते. दोघे-तिघे नकार देतील. त्यांच्याशी संबंध चांगले ठेवा, मात्र त्यांचे फुकटचे बदल थांबवा.

बागायतदारांच्या भावाचा प्रश्न तर पूर्ण सुटण्यासारखा आहे. तुमची साइट वर्डप्रेस या साइट तयार करण्याच्या प्रणालीवर असेल आणि विक्री वूकॉमर्स या तिच्या दुकानाच्या प्लगइनवर चालत असेल, तर त्यांना ‘शॉप मॅनेजर’ या भूमिकेचे खाते द्या. त्या खात्यातून त्यांना भाव आणि साठा बदलता येतो, परंतु साइटची थीम (रूपरचना) किंवा प्लगइन हलवता येत नाहीत. एकदा त्यांच्या अंगणात बसून अर्धा तास शिकवा आणि मोबाइलच्या पडद्याचे चार मिनिटांचे मराठी चित्रीकरण त्यांना पाठवून ठेवा. दरवर्षी बाजारभावाच्या चढउतारातून मार्ग काढणारा माणूस एक आकडा बदलायला नक्की शिकतो. आपण ते काम त्याच्यासाठी फार अवघड मानून स्वतःकडे ठेवतो.

हंगामाबद्दल एकच नियम पाळा : मकरसंक्रांतीनंतर नवी साइट हाती घेऊ नका. पाडव्याच्या आत विक्री सुरू करायची असेल, तर मजकूर, छायाचित्रे आणि रक्कम जमा करण्याची व्यवस्था डिसेंबरातच लागते. उशिरा आलेल्या ग्राहकाला ‘पुढच्या हंगामासाठी जूनमध्ये सुरू करू’ असे सांगितल्याने तुमचे काही बिघडणार नाही. परीक्षेच्या पंधरवड्याची कल्पना सर्वांना जानेवारीतच द्या. धंद्यासाठी वेगळे सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेसची कामाच्या वेळांची सोय व अनुपस्थितीचा आपोआप जाणारा निरोप चालू ठेवा. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयातल्या बाकावर बसून मी एका ग्राहकाचे बोधचिन्ह डावीकडून उजवीकडे नेत होते. ‘आज नाही जमणार’ एवढेच म्हटले असते, तर ते थांबले असते. पुढचे दोन दिवस त्यांनी साइट उघडलीदेखील नव्हती.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्याचा राग धरू नका, कारण त्यांना दिसते ती लॅपटॉपसमोर बसलेली सून, आणि लॅपटॉपवर मनोरंजनही होतेच. त्यांच्या ओळखीच्या एखाद्या बागायतदाराची साइट त्यांना उघडून दाखवा, ती तुम्ही केली आहे हे सांगा आणि महिन्याला घरात किती रक्कम येते तेही स्पष्ट सांगा. अनेक सुना हा आकडा संकोचाने सांगत नाहीत आणि मग त्यांच्या कामाला घरात वजन येत नाही. त्यानंतर मुलाच्या शाळेची वेळ धरून रोजचे चार तास ठरवा, शक्यतो दार लावता येईल अशा खोलीत बसा आणि त्या वेळेत आलेल्या पाहुण्यांना ‘ती कामावर आहे, दोनला भेटेल’ असे सांगण्याची विनंती त्यांनाच करा. ही जबाबदारी त्या मनापासून घेतील, असे तुमच्या पत्रातल्या ‘मायाळू’ या शब्दावरून मला वाटते. बँकेची कामे मात्र तुमच्या पतींनी वाटून घ्यायला हवीत, आणि हे त्यांना तुम्हीच सांगायला हवे.

अडकलेल्या रकमेसाठी केवळ आठवण करून देत बसू नका. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागते. करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक दर’ या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. यासाठी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असावी लागते. ती आधार क्रमांकावर, ऑनलाइन आणि मोफत होते. तुमची नोंदणी काम घेण्याआधी झाली असेल, तर थकलेल्या देण्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार दाखल करता येते. नसेल, तर आजच करून घ्या, म्हणजे पुढच्या बिलांना तिचा आधार मिळेल, आणि जुन्या बिलासाठी वकिलाची नोटीस पाठवा. आणखी एक गोष्ट हॉटेलमालकांना लिहून कळवा : नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघू उद्योगाचे वेळेत न दिलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. त्यांचे सनदी लेखापालही त्यांना हेच सांगतील. यापुढे निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि उरलेली साइट सुरू होण्यापूर्वी घ्या.

पुण्याच्या नोकरीचा विचार करायचा असेल, तर हा एक हंगाम या पद्धतीने काढल्यावर करा. तोवर कोणत्या ग्राहकाला किती तास दिले, ते वहीत लिहीत राहा.

प्रश्न : मी नाशिकहून न्यू यॉर्कमधील दोन ग्राहकांसाठी वेबसाइटचे काम करतो. त्यांच्या बैठका रात्री साडेअकरापर्यंत चालतात आणि सकाळी मुलीला शाळेत सोडताना माझे डोळे उघडत नाहीत. ग्राहक न गमावता वेळ कशी बदलावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या ग्राहकांची सकाळ म्हणजे तुमची संध्याकाळ, याचा उपयोग करून घ्या. तिकडची घड्याळे तासभर पुढे असतात त्या उन्हाळी वेळेत, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, नाशिकला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू यॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात त्यांचे साडेनऊ तुमच्याकडे रात्री आठला वाजतात. दिवसाची पहिली बैठक तुमच्यासोबत ठेवावी, असे त्यांना सुचवा आणि रोजच्या बैठकीऐवजी आठवड्यात दोन ठेवा. इतर दिवशी झालेले काम पाच मिनिटांच्या चित्रीकरणात दाखवून पाठवले, तर ते त्यांना कामाला लागताना पाहता येईल. मुलीला शाळेत सोडण्याची तुमची वेळही त्यांना सांगा. बहुतेक ग्राहक अशा वेळेचा मान ठेवतात, पण ती त्यांना माहीत असावी लागते.